बारा अंश की चोवीस?

वाद हँडलबारचा होता, पण सुरू झाला करंगळीवरून.

भाचा पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पानशेतच्या वरच्या अंगाचे मुरमाचे रस्ते आणि मुळशी धरणाच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या वाटा यांवर त्याचे रविवार जातात. तीनेक तास झाले की उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात. कारण त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला एक चिंचोळा बोगदा असतो आणि अल्नर नस त्यातून तळहातात उतरते. हाताचा तो कोपरा हँडलवर तासन्‌तास रेटला गेला की नस दबते. वैद्यकाच्या पुस्तकांत हा त्रास सायकलस्वारांच्याच नावाने ओळखला जातो. निदान पक्कं होतं, आणि भाच्याने औषधही ठरवून टाकलं होतं: चोवीस अंशांचा फ्लेअर असलेला कार्बनचा हँडलबार.

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "एका वाक्यात दोन खरेद्या केल्यास तू. फ्लेअर म्हणजे आकार, कार्बन म्हणजे मटेरियल. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?"

आत्याचं असं बोलणं घरात सगळ्यांना सवयीचं आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती धातुतज्ज्ञ होती. भाग यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत हलवत ठेवायचा आणि तुटल्यावर भिंगाखाली त्याचा चेहरा वाचायचा, यात तिची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यापासून ती ब्रेव्हे करते: दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या, ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या. तिच्या सायकलीला बारा अंशांचा साधा अॅल्युमिनियमचा बार आहे आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीला जो खाली वळलेला हँडलबार असतो, त्याची खालची वळणं ब्रेकच्या मुठींखाली, म्हणजे हूडखाली, जवळजवळ सरळ उतरतात. ग्रॅव्हल, म्हणजे मुरमा-खडीच्या रस्त्यांसाठीच्या सायकलीच्या बारमध्ये ती उतरता उतरता बाहेर फाकतात. उभ्या रेषेपासून ती किती अंश फाकली, तो त्या बारचा फ्लेअर. सालसा कंपनीचा काऊबेल १२ अंशांचा आणि त्याच कंपनीचा काऊचिपर २४ अंशांचा. ईस्टनचे एएक्स बार १६ अंशांवर थांबतात, रिचीचा व्हेंचरमॅक्स पुन्हा २४. कागदावर हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण त्रिकोणमिती मांडली की तसे राहत नाहीत. हूडपासून बारच्या टोकापर्यंतचं उभं अंतर ढोबळमानाने १२ सेंटीमीटर धरा. १२ अंशांना प्रत्येक बाजू अडीच सेंटीमीटर बाहेर जाते, २४ अंशांना सव्वापाच. म्हणजे हूडपाशी ४४ सेंटीमीटरचा बार एका बाबतीत टोकाला ४९ भरेल, दुसऱ्या बाबतीत साडेचोपन्न. त्यात काही कंपन्या रुंदी हूडपाशी मोजतात, काही टोकापाशी; काही मध्यापासून मध्यापर्यंत, तर काही बाहेरून बाहेर. नुसता "४४" हा आकडा वाचून बार मागवणारे म्हणूनच फसतात.

"साडेचोपन्नच तर हवेत मला," भाचा म्हणाला. "धरणाकडे उतरताना खडी सुटी असते. हूडवरून ब्रेक दाबला तर बोटं लिव्हरच्या वरच्या टोकाशी, त्यामुळे जोर कमी पडतो, आणि एखाद्या दगडावर चाक उडालं की हातच सुटतो. खाली धरलं की मूठ बारभोवती पक्की बसते, दोन बोटांत ब्रेक लागतो. हात लांब-लांब असले की चाक दगडाने वळवलं तरी मला सावरता येतं."

"बरोबर आहे."

भाचा जरा गोंधळला. आत्या इतक्या लवकर कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "आता सांग, चार तासांतला किती वेळ तू असा उतरतोस? तुझा तो कॅमेरा असतो ना छातीवर, त्याचं चित्रण लावून बघ. तुझे हात बहुतेक वेळ हूडवर असतात. करंगळी तिथे दुखते, आणि तू इलाज खालच्या वळणाचा घेऊन आलायस."

इथे भाच्याचं शास्त्र त्याच्याच विरुद्ध साक्ष देतं. ब्रेकची मूठ बारवर ज्या ठिकाणी बसते, तिथपासूनच फाकणं सुरू झालेलं असेल, तर मूठही कलते. तिचा माथा आत झुकतो आणि लिव्हरचं टोक बाहेर जातं. बारा अंशांना हे कलणं लक्षातही येत नाही. चोवीसला हूडवर हात ठेवून बसलेल्याला तळहाताचा भार दुसऱ्याच जागी जाणवतो आणि लिव्हर सरळ नव्हे, तिरका ओढावा लागतो. काहींना ते मानवतं. काही जण तर हूड मुद्दाम आत वळवूनच बसवतात. पण ज्याची नस आधीच दबते आहे त्याने हा जुगार न बघता खेळू नये, हे आत्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

यावर तोडगे निघालेले आहेत. झिपच्या एक्सपीएलआर बारांचा फ्लेअर फक्त ५ अंशांचा. त्याऐवजी खालचे दांडे वरून पाहिल्यास मागे जाताना बाहेर वळवलेले, सुमारे ११ अंश. त्यामुळे हूड जवळजवळ सरळ राहतात आणि खालची पकड तरीही रुंद मिळते. रिचीने दुसरी वाट धरली: वळणाची खोलीच कमी केली, दहा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खाली धरायला फार वाकावं लागत नाही. लिव्हर बनवणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. शिमानोने २०१९ मध्ये ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स ही मालिका आणली, तिच्या इलेक्ट्रॉनिक गिअरच्या मुठींमध्ये लिव्हर ज्या आसावर फिरतो तो आस १८ मिलिमीटर वर उचलला. उद्देश एवढाच की हूडवरूनही कमी जोर लावून ब्रेक लागावा. आता हूडवरून ब्रेक नीट लागत असेल तर खाली फाकलेल्या बारची निम्मी गरज तिथेच संपते, हा मुद्दा खरं तर आत्याने मांडायला हवा होता. तो मांडला भाच्याने, आणि लगेच जीभ चावली.

"पण ही कल्पना नवी नाही हं," तो विषय वळवत म्हणाला. "कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये चार्ली कनिंगहॅमने १९७९ मध्ये अॅल्युमिनियमची माउंटन बाइक बनवली, तिलाही फाकलेला ड्रॉप बारच होता. पुढे त्याने आणि आणखी दोघांनी १९८२ मध्ये विल्डरनेस ट्रेल बाइक्स काढली. जॉन टोमॅक तर १९९० मध्ये ड्युरँगोच्या पहिल्या जागतिक माउंटन बाइक स्पर्धेत ड्रॉप बार लावून उतरला."

"टोमॅक त्या वर्षी रस्त्यावरच्या व्यावसायिक संघातही होता. बसण्याची सवय मोडू नये म्हणून त्याने तो बार लावला होता, मातीवर बरा पडतो म्हणून नव्हे. आणि बाकीचे बहुतेक सगळे सरळ हँडल लावूनच उतरले होते, ते नाही सांगितलंस."

फ्लेअरची आणखी एक गंमत अशी की सध्या तो दोन उलट कारणांसाठी विकला जातो. ग्रॅव्हलवाल्याला खाली रुंदी हवी असते, ताब्यासाठी. डांबरावरच्या शर्यतवाल्याला वर अरुंदपणा हवा असतो, वाऱ्यासाठी: हूड जवळ आणले की खांदे आवळले जातात, हवा कमी अडते, आणि नियमात बसावं म्हणून टोकं तेवढी बाहेर काढली जातात. हे इतकं वाढलं की आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बारची किमान रुंदी ४०० मिलिमीटर ठरवली आणि दोन हूडच्या आतल्या कडांमध्ये किमान २८० मिलिमीटर अंतर सक्तीचं केलं. ग्रॅव्हलच्या अव्वल शर्यतींतही अलीकडे अरुंद हूडकडेच कल आहे. कॅन्ससमधल्या एम्पोरियाची अनबाउंड ग्रॅव्हल ही या खेळाची पंढरी. २००६ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेली, मुख्य अंतर दोनशे मैल, आणि गारगोटीच्या धारदार दगडांनी टायर फाडणारी. तिथेही तासन्‌तास वाऱ्यात झुंडीने पळायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या कर्व्ह कंपनीचा वॉल्मर बार मात्र ६० सेंटीमीटर रुंदीतही मिळतो आणि तो महिनाभर सामान लादून वाळवंट तुडवणाऱ्याला शोभतो. दोघांची छायाचित्रं समोर ठेवून आपला बार निवडणं म्हणजे दोघांच्याही चुका विकत घेणं.

"अनबाउंडला सगळे कार्बनच लावतात," भाच्याने शेवटी दुसऱ्या खरेदीला हात घातला. "आता तू म्हणणार, कार्बन फुटतो."

"मी असं का म्हणेन? मी आयुष्यभर अॅल्युमिनियम फुटलेलं बघितलंय."

मग आत्या खुलली. पोलादाला थकव्याची एक सीमा असते. ताण तिच्याखाली राहिला तर तो तुकडा व्यवहारात कायमचा टिकतो. अॅल्युमिनियमला अशी सीमाच नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक उठून मारलेलं पेडल त्याच्या हिशोबात जमा होतं. फरक इतकाच की नीट आखलेल्या बारमध्ये ती जमा पुरी व्हायला फार वर्षं लागतात. त्यात घाम. बारटेपच्या आत खारट ओल साचते, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा हे पुढच्या भेगेचं बीज असतं. कोकणाच्या हवेत सायकल चालवणाऱ्याने वर्षातून एकदा तरी टेप सोडून बघावी असं ती सांगते आणि बहुतेक लोक बघत नाहीत हेही तिला माहीत आहे.

"मग तू कार्बनच्या बाजूची!"

"थकव्यापुरती आहे. चांगला बनवलेला कार्बनचा बार हलवून हलवून थकवणं कठीण. माझी भीती वेगळी आहे. बांबू बघितलायस ना? उभ्या दोऱ्यांच्या दिशेने ओढलास तर तुटता तुटत नाही, आणि टोकाला कोयता टेकवून दाबला की दोऱ्यांमधून चिरत जातो. कार्बनमध्ये ती दोऱ्यांची दिशा कुणीतरी थर लावताना ठरवलेली असते. ज्या दिशेने जोर येणार असं त्याने धरलं, त्या दिशेला तो पोलादाला लाजवतो. न धरलेल्या दिशेने येणारा जोर म्हणजे सायकल दगडावर आडवी पडणं, मेकॅनिकने क्लँप वाजवीपेक्षा जास्त आवळणं, किंवा लिव्हरच्या पट्ट्याची धार रुतणं. अॅल्युमिनियम अशा वेळी वाकतं, तुला दिसतं. कार्बन वाकून दाखवत नाही. वरून चकचकीत, आत थर सुटलेले, आणि वर टेप गुंडाळलेली."

नेमकं याच ठिकाणी बाजारातली सगळ्यात मोठी दिशाभूल चालते. स्वस्त, बिननावाच्या बारांवर "टी८००" असं ठसठशीत छापलेलं असतं. टी७००, टी८०० ही जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांची नावं आहेत. धागा किती मजबूत ते त्यातून कळतं. थर किती लावले, कुठल्या कोनात लावले, राळ नीट पिकली का, याबद्दल ती अक्षरं मुकी आहेत. विचारायचं असेल तर वेगळं विचारावं: हा बार आयएसओ ४२१० या सायकलींच्या मानकाप्रमाणे तपासला आहे का, आणि तसं लिहून देणारी कंपनी कोण? त्या मानकातली हँडलबार आणि त्याला सायकलीशी जोडणाऱ्या स्टेमची थकवाचाचणी लाखाच्या घरातल्या फेऱ्यांची असते. उत्तर मिळालं नाही तर अॅल्युमिनियम घ्यावं, इतकं सरळ.

भाच्याने या सगळ्यावर मान डोलावली, पण माघार घेतली नाही. त्याचा मुद्दा तुटण्याचा नव्हताच. "हाताला पोचणारा थरथराट कमी होतो, आत्या. थर लावणाऱ्याला हवं तिथे लवचीकपणा ठेवता येतो. आणि वरचा आडवा भाग चपटा करता येतो. तळहाताखाली गोल नळी आणि चपटी पट्टी यांत किती फरक आहे ते मी रोज शिकवतो. जोर तोच, जागा मोठी, म्हणून दाब कमी. नसेला दाबच कळतो."

चपट्या माथ्याबद्दलचं त्याचं म्हणणं पक्कं आहे, आणि आत्यालाही त्यावर उत्तर सुचलं नाही. त्यातला अडसर ती नंतर सांगणार होती: चपट्या भागावर दिवा, जीपीएसचा पट्टा, पुढची पिशवी नीट बसत नाही, आणि पुष्कळ कार्बन बारांवर पुढे टेकायचे एअरोबार लावायला कंपनीच मनाई करते. सहाशेच्या ब्रेव्हेला रात्रभर दिवा लागणाऱ्या माणसाला हे क्षुल्लक नाही.

थरथराटाबद्दल मात्र तिने एकच प्रश्न विचारला. "टायर किती रुंद, आणि हवा किती?"

"चाळीस मिलिमीटर. पन्नास पीएसआय."

"वजन?"

"अडुसष्ट."

"ट्यूबलेस?"

"हो."

"पस्तीसच्या खाली ये आधी. मग कार्बनबद्दल बोलू."

लेखणी ज्याच्या हातात आहे त्यालाही इथे पक्ष घ्यावासा वाटतो. मुरमावर हाताला बसणारा धक्का सगळ्यात आधी टायर गिळतो. मग जाड बारटेप, तिच्याखालची जेलची पट्टी, हातमोजे, आणि या सगळ्यातून जे उरेल त्यावर बारचं मटेरियल काम करतं. ज्याने टायरमधली हवा कधी मोजून कमी केली नाही त्याने कार्बनचा लवचीकपणा अनुभवला असं म्हणणं धाडसाचं आहे. वजनाचा फायदाही असाच. अॅल्युमिनियमचा ग्रॅव्हल बार तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, कार्बनचा सव्वादोनशेच्या. पंचाहत्तर ग्रॅम वाचवायला पैसे दुप्पट-तिप्पट मोजायचे, आणि त्याच सायकलीवर दोन बाटल्या पाणी लादून घाट चढायचा.

भाच्याकडे अजून एक पत्ता होता. "पाणंद रस्त्यांवर तू येत नाहीस, म्हणून तुला रुंद बारची किंमत नाही. ट्रॅक्टरने चिखलात पाडलेले चर उन्हाळ्यात वाळून दगड होतात. चाक त्यात अडकलं की अरुंद बारने बाहेर काढता येत नाही."

"येते की मी." आत्या हसली. "राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री पाणंद योजना आणली, तेव्हापासून बऱ्याच वाटांवर मुरूम पडलाय. पण ऊस दोन्ही बाजूंनी वर आला की वाट केवढी उरते? तुझ्या साडेचोपन्न सेंटीमीटरच्या टोकांना धरून हात ठेव, आणि दोन्ही मनगटांवर उसाच्या पात्याचे ओरखडे घेऊन ये." मग जरा थांबून म्हणाली, "घरी परतताना सिंहगड रोडवर रिक्षा आणि दुभाजक यांच्या मधून जायचं असतं, ते वेगळंच."

या टप्प्यावर तडजोडीची बोलणी सुरू झाली. दोघांपैकी कुणीही हरलो असं म्हटलं नाही. आत्याचा प्रस्ताव: आधी आकार ठरव, तोही अॅल्युमिनियममध्ये. सोळा अंश, हूडपाशी आत्ता आहे तितकीच रुंदी. ईस्टनसारख्या काही कंपन्या जवळजवळ तोच आकार अॅल्युमिनियममध्येही देतात आणि कार्बनमध्येही. पावसाळा संपल्यानंतरचा एक मोसम चालव. आकार पटला आणि हवा कमी करूनही करंगळी बोलतच राहिली, तर तोच आकार कार्बनमध्ये घे. घेशील तेव्हा टॉर्क रेंच घे, स्टेमवर छापलेला आकडा पाळ, बहुतेक ठिकाणी तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. बार आणि स्टेममध्ये ग्रीस नको, कार्बनची कणीदार पेस्ट लाव, म्हणजे कमी आवळूनही बार फिरणार नाही. आणि जोरात पडलास तर बार बदल, दिसायला कितीही धड असला तरी.

"अॅल्युमिनियमचाही बदलायचा ना मग?"

"तोही. वाकला असेल तर विचारायलाच नको, परत सरळ करायचा नाही."

भाच्याला सोळा अंश म्हणजे निम्मा पराभव वाटत होता. टोकाला सात सेंटीमीटर जास्त मिळतात हे मोजून दाखवल्यावर तो थोडा निवळला. रुंदी वाढली की हात पसरतात आणि धड पुढे झुकतं, म्हणून स्टेम एक सेंटीमीटर आखूड लागेल, ही दुरुस्ती त्याने स्वतःहून जोडली. झुकलेलं धड म्हणजे तळहातावर जास्त भार, आणि मग सगळा खटाटोप फुकट.

मग मेकॅनिकला फोन लावला. तो ओळखीचा, तिशीतला मुलगा. त्याने अंश, धागा, थकवा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, ब्रेकची नळी किती शिल्लक आहे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सायकलीला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, आणि नळ्या स्टेमखालून थेट फ्रेमच्या आत जातात. नव्या बारचं वळण लांब असलं, किंवा नळी आत शिरण्याचं भोक वेगळ्या जागी असलं, की दोन-तीन सेंटीमीटर कमी पडतात आणि हँडल पूर्ण वळवताना नळी ताणली जाते. मग नळी नवी, तेल काढून नवीन भरणं, पुढचं बेअरिंग खोलणं, दिवसभराचं काम. "मजुरी तुमच्या अॅल्युमिनियमच्या बारएवढी होईल," तो म्हणाला. "आणि हे काम दोनदा करायचं असेल, आधी अॅल्युमिनियम आणि मग कार्बन, तर मजुरीही दोनदा."

"बघ!" भाचा उसळला. "म्हणून म्हणत होतो, एकदाच कार्बन घेऊ."

"नळी एकदाच जरा सैल ठेवायला सांग," आत्या म्हणाली. "दुसऱ्या वेळी कापायची वेळ येणार नाही."

मेकॅनिकला ते पटलं. टेपही पहिल्या आठवड्यात जुनीच गुंडाळतो, असं त्याने सुचवलं, म्हणजे हूड वर-खाली सरकवून बघता येतील. नवी टेप एकदा घट्ट बसली की गिऱ्हाईक मनगट दुखत असलं तरी सोडायला सांगत नाही. सोळा अंशांचा अॅल्युमिनियमचा बार मागवायचं ठरलं. आकार विचारला तेव्हा आत्या "बेचाळीस" म्हणाली आणि भाचा "चव्वेचाळीस", आणि मेकॅनिकने सांगितलं की तुमचं ठरलं की कळवा, तोवर मी नळी मोजून ठेवतो.